कोथरूडला शांत गल्लीत फ्लॅट: मालक अमेरिकेत, भाऊ म्हणतो नोटरी करू. टोकन द्यावं का?

निंबोणी

नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी (७० आणि ७४) मयूर कॉलनीच्या आतल्या बाजूला दोन बीएचके बघितलाय. खाली पार्किंग, वर तीन मजले, १२ फ्लॅटची जुनी सोसायटी. आपला पहिला मजला, लिफ्ट नाही. गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे वाहतूक शून्य.

भाडं ३२,००० (मेंटेनन्स धरून), डिपॉझिट १ लाख, मुदत २२ महिने, पहिल्या ११ महिन्यांनंतर ५ टक्के वाढ. एजंटला एक महिन्याचं भाडं.

आता अडचणी. फ्लॅट ज्यांच्या नावावर आहे ते अमेरिकेत स्थायिक, इथला व्यवहार त्यांचा धाकटा भाऊ बघतो. तो म्हणतो, रजिस्टर कशाला, ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू, तुमचाही खर्च वाचेल. भाडं त्याच्याच खात्यात जमा करायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एनओसी लागेल आणि ५,००० 'शिफ्टिंग चार्ज' भरावा लागेल असं सांगितलं. एजंट मागे लागलाय की रविवारपर्यंत २०,००० टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे.

करार माझ्या नावाने होईल, भाडंही मीच भरणार. टोकन देण्याआधी काय काय बघायला हवं? शांतता ही मुख्य गरज आहे, बाबांना दुपारी झोप लागते आणि रात्री लागत नाही.

जोत्यावरचा

नोटरीचं आधी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत ११ महिन्यांची असो की ६० महिन्यांची. '११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हे पुण्यात अजून ऐकू येतं, पण ते इथे चालत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, तोही मालकाला.

गंमत पुढे आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडं किती, मुदत किती, अटी काय, याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. म्हणजे नोटरीचा कागद मालकाच्याच फारसा उपयोगाचा नाही. भावाला हे शांतपणे सांगून बघा. बहुतेक वेळा सूर बदलतो.

तरी मालक नोटरीवर का अडतात? पुण्यात एक खास कारण आहे. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घेते. भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. रजिस्टर करार झाला की भाडं कागदावर येतं. मिळकतकराचं बिल मागून बघा, सवलत चालू असेल तर टाळाटाळीचं मूळ कळेल. फरक मालकाने सोसायचा, तुमच्या भाड्यात तो घुसवू देऊ नका.

खर्च किती वाचतो म्हणे? हिशेब करू. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं.

पहिले ११ महिने: ३२,००० × ११ = ३,५२,०००
पुढचे ११ महिने: ३३,६०० × ११ = ३,६९,६००
१ लाखावर २२ महिन्यांचं १० टक्क्यांनी व्याज: १८,३३३
बेरीज ७,३९,९३३. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,८५० रुपये.

शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. वर कागदपत्र हाताळणीचं शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. सरकारी खर्च ३,००० च्या आसपास, तोही निम्मा-निम्मा वाटून घेण्याचा रिवाज आहे. सव्वासात लाखांच्या व्यवहारात एवढ्यासाठी कोण नोटरी करतं?

२२ महिने एकदम केलेत हे चांगलं. ११-११ चे दोन करार केले तर दोनदा नोंदणी फी, दोनदा घरी येणाऱ्याची फी, आणि एजंट दुसऱ्या वेळीही हात पुढे करतो.

दुसरी गोष्ट मुखत्यारपत्र. भावाला सही करण्याचा अधिकार कुठून आला? 'आमचंच आहे हो' हे उत्तर नव्हे. मुखत्यारपत्र बघा आणि त्यात चार गोष्टी शोधा: लिव्ह अँड लायसन्सने देण्याचा स्पष्ट उल्लेख, दुय्यम निबंधकापुढे कबुली देण्याचा अधिकार, डिपॉझिट स्वीकारण्या-परत करण्याचा अधिकार, आणि याच फ्लॅटचा पत्ता. अमेरिकेत केलेलं असेल तर तिथल्या नोटरीपुढे सही होऊन अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित. शिवाय परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. इथेच बरेच अडकतात. कागद अमेरिकेतून येतो, कपाटात पडतो, नोंदणीच्या दिवशी कळतं की मुद्रांक भरलेलाच नाही, आणि मग सगळं तीन आठवडे लांबतं. म्हणून मुखत्यारपत्राची प्रत टोकनच्या आधी मागा.

मालकी बघायला खरेदीखताचा इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला). दोन्हींवर नाव एकच हवं. शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचं नाव असेल आणि ते हयात नसतील, तर फ्लॅट वारसांत अडकलेला असू शकतो. तिथे 'भाऊ बघतो' याला वेगळाच अर्थ येतो.

तिसरा_मजला

कागदांचं वरती आलंय. मी फक्त शांततेवर बोलतो.

कोथरूड, एरंडवणे, मॉडेल कॉलनी, सहकारनगर या भागांत आज जी गल्ली शांत आहे ती पुढच्या वर्षी शांत असेल याची खात्री कोणी देऊ नये. कारण पुनर्विकास. तुम्ही वर्णन केलीत तीच इमारत बिल्डरांना हवी असते: तीन मजले, लिफ्ट नाही, १२ सभासद, मोकळी जागा भरपूर. आणि अशा गल्लीत ती एकटी नसते, दोन्ही बाजूंना तशाच असतात.

तेव्हा दोन वेगळे प्रश्न विचारा. आपली सोसायटी कुठवर आली आहे? आणि शेजारच्या, समोरच्या, मागच्या सोसायट्या कुठवर आल्या आहेत? लोक पहिला विचारतात, दुसरा विसरतात.

शेजारी काम निघालं तर आवाजाचा क्रम साधारण असा. पाडकाम महिना-दीड महिना, धूळ जास्त. मग खोदाई. ही सगळ्यात वाईट, कारण पुण्यात थोडं खाली गेलं की काळा पाषाण लागतो आणि तळघरातल्या पार्किंगसाठी तो ब्रेकरने फोडावा लागतो. सकाळी सुरू झालेलं 'टर्रर्र' संध्याकाळपर्यंत, कित्येक आठवडे. खिडक्या बंद केल्या तरी ते जमिनीतून येतं, कपाटातली काच थरथरते. त्यानंतर दर स्लॅबला काँक्रीटच्या गाड्या आणि पंप, आणि दिवसा जड वाहनांवर बंधनं असल्याने ते रात्रीकडे सरकतं. शेवटी फरशी कापणारं कटर. सगळं मिळून अडीच-तीन वर्षं. तुमचा करार २२ महिन्यांचा आहे, तो संपूर्ण त्यात बसेल.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री (१० ते ६) ४५ डेसिबलची मर्यादा नियमांत आहे. रात्रीच्या कामाविरुद्ध तक्रार करायला ती उपयोगी पडते. दुपारच्या ब्रेकरपुढे तिचा फार आधार नाही, म्हणून आधीच बघून घेणं बरं.

काय बघायचं: गल्लीत कुठे बांधकामाभोवती लावतात ते लोखंडी पत्रे लागलेत का. एखाद्या इमारतीच्या खिडक्या-ग्रिल काढलेले दिसतात का. तसे दिसले तर ती रिकामी झाली आहे, भंगारवाला येऊन गेलाय, पाडकाम आठवड्यांवर आलंय. झाडांच्या बुंध्यावर महापालिकेच्या नोटिसा बघा. झाड काढण्यासाठी हरकती मागवणारा कागद डकवलेला असतो, आणि बांधकाम येणार असल्याची ती बऱ्यापैकी आधीची खूण. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर परिसराच्या नावाने प्रकल्प शोधा. आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. कोणती बिल्डिंग कधी खाली होणार हे त्याला सेक्रेटरीच्या आधी माहीत असतं, त्याचं गिऱ्हाईक जाणार असतं.

बाकी आवाज: मंगल कार्यालय किती अंतरावर, शाळेचं मैदान कुठल्या बाजूला, गणपतीचा मांडव कुठे पडतो. फ्लॅट सकाळी साडेसातला आणि रात्री नऊला, असा दोनदा बघा. एजंट नेहमी दुपारी तीनला दाखवतो. तीनला अख्खं पुणे शांत असतं.

आकडेमोड

'भाडं भावाच्या खात्यात' यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पैशाने हा सगळ्यात महाग मुद्दा आहे.

मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर) कापायचा असतो, आणि इथे ५०,००० ची मर्यादा नाही. ती मर्यादा निवासी मालकासाठी आहे (महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तर २ टक्के). अनिवासी मालकाला पहिल्या रुपयापासून ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. तुमच्या ३२,००० वर ९,९८४ कापून २२,०१६ मालकाला द्यायचे.

भाडं भावाच्या खात्यात टाकलं म्हणून हे सुटत नाही. उत्पन्न मालकाचं, भाऊ फक्त मुखत्यार. कापला नाही तर कर, वर महिना १ टक्का व्याज, हे तुमच्याकडून वसूल होतं. कापून भरला नाही तर दीड टक्का.

पद्धत: तुमच्या नावाने टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढायचा, दर महिन्याचा कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), तिमाही विवरणपत्र भरायचं, मालकाला प्रमाणपत्र द्यायचं. फॉर्मचे क्रमांक सीएकडून घ्या. वर्षाचं काम करायला तो काही हजार घेईल, ते भाडं ठरवताना धरा.

मालकासाठी सोपी वाट आहे. त्यांचं भारतातलं उत्पन्न कमी असेल तर ते आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आणू शकतात. त्यावर जो दर असेल तो कापायचा. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मात्र पूर्ण दर.

करारातलं एक वाक्य नीट बघा. 'मालकास दरमहा निव्वळ ३२,००० मिळतील' असं असेल तर सही करू नका. निव्वळ ३२,००० द्यायचे म्हणजे ढोबळ भाडं ३२,००० भागिले ०.६८८, साधारण ४६,५१२ होतं. महिन्याला साडेचौदा हजारांचा फरक एका 'निव्वळ' शब्दाने पडतो. 'दरमहा ३२,०००, त्यातून कायद्याने लागू कर वजा करून' असं लिहून घ्या.

आणि बाजूला एक: तुम्ही स्वतः त्या घरात राहणार नसाल तर या भाड्यावर तुम्हाला एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट मिळणार नाही. ऑफिसात पावत्या देऊन बसू नका.

निंबोणी

बापरे, टीडीएसचं डोक्यातही नव्हतं. भावाशी बोलले. रजिस्टरला तयार झाला (कलम ५५ चा परिणाम झाला बहुतेक). मुखत्यारपत्र आहे, पण अमेरिकेतलं, इथलं मुद्रांक शुल्क भरलंय की नाही ते 'बघून सांगतो'.

पुनर्विकासाबद्दल विचारलं तर म्हणाला, फीजिबिलिटी रिपोर्ट (पुनर्विकास परवडेल का याचा अहवाल) आलाय, पण 'अजून काहीच ठरलेलं नाही'. याचा अर्थ काय घ्यायचा?

तिसरा_मजला

'काहीच ठरलेलं नाही' हे वाक्य ठराव झाल्यापासून पत्रे लागेपर्यंत सगळे सभासद म्हणतात. पायऱ्या बघा.

सभेत पुनर्विकासाचा ठराव होतो, सल्लागार नेमला जातो (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, त्यालाही पीएमसीच म्हणतात, महापालिकेशी गल्लत नको). तो फीजिबिलिटी रिपोर्ट देतो. मग टेंडर, आलेल्या बिल्डरांची तुलना. मग उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विशेष सभा, तिथे विकसक निवडतात. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार त्याला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. त्या आधी, २००९ च्या नियमांत, ती ७५ टक्के होती, म्हणून पूर्वी सोसायट्या वर्षानुवर्षं अडून बसायच्या. आता बारा सभासदांत सात जमले की गाडी पुढे जाते. त्यानंतर विकसन करार, त्याची नोंदणी, महापालिकेची परवानगी, आणि मग खाली करण्याची नोटीस.

तुमची सोसायटी रिपोर्टपर्यंत आली आहे. अंदाजाने सांगायचं तर इथून नोटिशीपर्यंत वर्ष ते दोन वर्षं. टेंडर निघालं असेल तर २२ महिने पुरे होणार नाहीत असं धरून चाला. विकसन कराराची नोंदणी झाली असेल तर घेऊच नका. भावाला 'ठरलंय का' असं विचारू नका. 'टेंडर निघालं का, विशेष सभेची तारीख पडली का' असं विचारा. हो-नाही मध्ये उत्तर द्यावं लागतं.

खाली करायची वेळ आली तर बिल्डर जे भाडं आणि हलवाहलवीचे पैसे देतो ते सभासदाला, म्हणजे मालकाला. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला काही नाही. उलट त्याच सुमारास त्या सोसायटीचे सगळे सभासद जवळपासच भाड्याचं घर शोधू लागतात. नातवंडांची शाळा, ठरलेला डॉक्टर, कोणालाच लांब जायचं नसतं. बिल्डर भाडं देतोय म्हणून दर फारसे ताणतही नाहीत. तेवढ्या महिन्यांत त्या परिसरात दोन बीएचके मिळणं मुश्कील होतं. सत्तरीच्या माणसांना घेऊन तुम्ही त्याच रांगेत असाल.

तरीही घ्यायचा असेल तर हे कलम करारात टाका, शब्द थोडे इकडेतिकडे चालतील:

'इमारतीच्या पुनर्विकासामुळे जागा मुदतीपूर्वी रिकामी करावी लागल्यास मालक भाडेकरूस किमान ९० दिवसांची लेखी सूचना देतील. सूचनेपासून ३० दिवसांत डिपॉझिटची निम्मी रक्कम परत करतील व उरलेली रक्कम ताबा देतेवेळी त्याच दिवशी देतील. पहिल्या ११ महिन्यांत असे घडल्यास दलालीची उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातील रक्कम मालक भरून देतील. लॉक-इनची (ठरावीक काळ घर न सोडण्याची) अट अशा वेळी भाडेकरूवर बंधनकारक राहणार नाही.'

निम्मं डिपॉझिट आधी मागायचं कारण सरळ आहे. नवीन घराचं डिपॉझिट जुनं हातात येण्याआधी द्यावं लागतं.

खडूस_सेक्रेटरी

सोसायटीच्या बाजूने. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. एवढंच. 'एनओसी' हा शब्द सवयीने वापरतात. पत्र मागितलं तर भांडू नका, फक्त ते मालकाने द्यायचं, तुम्ही नाही. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरणं हेही मालकाचं काम. तुमचे आणि आई-बाबांचे फोटो, आधार तयार ठेवा.

५,००० शिफ्टिंग चार्ज: कुठल्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला ते विचारा, आणि पावती मागा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सामान चढवायला सोसायटीचं काय झिजतं ते मलाही कळत नाही. ठराव नसेल तर विषय बहुधा तिथेच संपतो.

नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून घेते ते शुल्क) वेगळा. तो १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतो. संपूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नव्हे. बिल २,८०० चं असेल, त्यात सेवा शुल्क १,९०० आणि बाकी सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, मिळकतकर असेल, तर कमाल १९० रुपये. भाड्यात मेंटेनन्स धरलाय म्हणालात, तर 'सोसायटीची सर्व प्रकारची देणी मालकाकडे' असं करारात आलं पाहिजे. नाहीतर रंगकाम किंवा टाकीदुरुस्तीची वर्गणी निघाली की पहिलं बोट तुमच्याकडे.

पार्किंग कोणाच्या नावाने दिलंय ते सोसायटीच्या यादीत बघा. जुन्या सोसायट्यांत बारा फ्लॅटला सहा गाड्यांची जागा असते आणि 'कुठेही लावा हो' याचा अर्थ गल्लीत लावा असा असतो.

गॅलरीतला_पारवा

घराच्या तपासणीला तासभर काढा आणि जाताना एक बादली, फोन चार्जर आणि चपलेची टाच एवढं न्या. हसू नका.

बादली १० लिटरची. न्हाणीघराच्या नळाखाली पूर्ण उघडून भरा. मिनिट-सव्वा मिनिटात भरली तर ठीक. अडीच मिनिटं लागली तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून बुजले आहेत. टाकी भरलेली असली तरी धार तेवढीच येणार. ही दुरुस्ती मालक मधे कधीच करत नाही, तेव्हा आधी मागा. पाणी महापालिकेचं किती वेळ येतं, खालच्या टाकीतून वर पंपाने कधी चढवतात, बोअरचं पाणी वेगळ्या नळाला आहे का, ते विचारा. दुरुस्तीसाठी पाणीबंद बहुतेक गुरुवारी असतं, त्या दिवशी टाकी पुरते का हे शेजाऱ्यांना विचारा. पंप नेमका कुठे आहे तेही बघा. पहिल्या मजल्याची बेडरूम पंपाच्या डोक्यावर असेल तर पहाटे पाचची घरघर तुमच्या बाबांच्या उशाशी. मग गल्ली कितीही शांत असली तरी काय उपयोग.

टाच फरशीवर आपटायला. पोकळ आवाज आला तर खाली माल सुटलाय, फरशी हलणार. म्हाताऱ्या माणसांच्या पायाला ते नको.

ओल: न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीची भिंत जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत हाताने चाचपा. रंग फुगलेला, पांढरी भुकटी, किंवा भिंतीचा तेवढाच पट्टा नव्याने रंगवलेला दिसला तर तिथे पाणी आहे. न्हाणीघराच्या छताकडे बघा, वरच्या मजल्याच्या संडासाची गळती तिथे उतरते. अशी गळती आपल्या मालकाच्या हातात नसते, वरचा शेजारी तयार व्हावा लागतो, म्हणून ती महिनोन् महिने चालते. पावसाच्या माऱ्याची भिंत पश्चिमेची, तिथे खिडकीच्या चौकटीखालचे कोपरे बघा.

वीज: चार्जर प्रत्येक पॉइंटला लावून बघा. गिझर आणि वॉशिंग मशीनला १६ अँपियरचा पॉइंट, आर्थिंग आणि गळती-करंटचा ट्रिप स्विच आहे का ते वायरमनला दाखवा, दोनशे रुपयांचं काम. जुन्या बिल्डिंगांत फ्यूजची पोर्सेलीनची खोकी अजून सापडतात. महावितरणच्या बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घ्या, ॲपवर थकबाकी बघा. ताबा घेताना मीटरचं रीडिंग तारखेसकट फोटोत. पाइप गॅस असेल तर त्या मीटरचंही.

आई-बाबांसाठी: जिन्याचा कठडा दोन्ही बाजूंना आहे का, पायऱ्यांची उंची सारखी आहे का (जुन्या जिन्यांत पहिली आणि शेवटची पायरी हमखास वेगळी), संडासात हाताला धरायचा दांडा बसवायला भोकं पाडायची परवानगी करारात लिहून घ्या. रुग्णवाहिका गल्लीत शिरून वळू शकते का तेही बघा. बंद गल्लीत दुतर्फा गाड्या लावल्या की ती उलटीच बाहेर काढावी लागते.

गॅलरीला जाळी आहे का? नसेल तर पारवे. माझ्या नावावरून ओळखलं असेल, विषय जिव्हाळ्याचा आहे.

सामानाची यादी कराराला जोडा: पंखे किती, कोणत्या खोलीत, गिझर कोणत्या कंपनीचा, चालू की बंद. आणि डिपॉझिटमधून 'रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल' अशी ओळ मसुद्यात लपलेली असते ती शोधा. 'नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून झालेल्या नुकसानीचा प्रत्यक्ष खर्च, बिल दाखवून' एवढंच ठेवा.

निंबोणी

सगळ्यांचे खूप आभार. भावाने सांगितलं की टेंडर निघालेलं नाही, ९० दिवसांच्या कलमाला हरकत नाही. मुखत्यारपत्र मुंबईहून आलं की दाखवतो म्हणाला. टीडीएसबद्दल तो मालकाशी बोलणार आहे. एजंट मात्र रविवारच्या टोकनवर अडलाय. काहीच दिलं नाही तर हातचं जाईल अशी भीती वाटते.

जोत्यावरचा

द्यायचंच तर २०,००० नको, ५,००० द्या. रोख नको, एजंटच्या खात्यात नको. मालकाच्याच नावाच्या भारतातल्या खात्यात (अनिवासींचं एनआरओ खातं असतं) बँकेतून. खातं सांगायला का-कू केली तर तेही उत्तरच समजा. पावती भावाकडून व्हॉट्सॲपवर नव्हे, सही करून, आणि मजकूर साधारण असा:

'फ्लॅट क्र. __, __ सोसायटी, दरमहा ३२,००० (कर वजा करण्यापूर्वी), डिपॉझिट १,००,०००, मुदत २२ महिने या अटींवर देण्याचे ठरले असून त्यापोटी ५,००० मिळाले. ही रक्कम डिपॉझिटमध्ये धरली जाईल. __ तारखेपर्यंत मुद्रांकित मुखत्यारपत्र, इंडेक्स टू व शेअर सर्टिफिकेटची प्रत न दिल्यास, अथवा सोसायटीने पुनर्विकासाचे टेंडर काढले असल्याचे आढळल्यास, संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल.'

तारीख दहा-बारा दिवसांपुढची टाका. उरलेलं डिपॉझिट नोंदणीच्या दिवशी, अंगठे झाल्यावर, किल्ली हातात घेऊन. आणि नोंदणी झाली की इंडेक्स टूची प्रत स्वतः डाउनलोड करून घ्या, एजंट 'पाठवतो' म्हणाला तरी.